तेवीस नंबरचा बिल्ला

...नाही नाही, आधी मला हे सांगा, हा अठ्ठेचाळीस नंबरचा बिल्ला लाल कोणी केला? पुढे या. मी काही खात नाही. कोण? तू? निळी टोपी? तुझा नंबर अठ्ठेचाळीस आहे का? नाही? मग कुणाचा? बायकोचा! आणि बायको कुठेय? खाली गाडीत बूट घालतेय! वा! म्हणजे बाईचा एक पाय बुटात, एक पाय बाहेर, आणि या फळीच्या हिशेबानं बाई डोंगरावर पोचल्यासुद्धा! ‘तिचा वेळ वाचावा म्हणून केला हो...’ अगं बाई, किती गोड! किती प्रेमळ नवरा! माझाही असाच प्रेमळ आहे, तो बघा, तिकडे ओट्यापाशी बटाटे सोलतोय. मर्व, हात वर कर. हां. या प्रेमळ माणसानं नऊ वर्षांपूर्वी मला जवळजवळ मारलं होतं. प्रेमानंच.

बसा सगळे. बुटांची बकलं सैल करा, आवळून बसलात तर पाय गार पडतील आणि मग दिवसभर मला ऐकवाल. दहा मिनिटं बसायचं. मी ग्लेनिस. नव्या लोकांना पहिल्या सकाळी चार गोष्टी सांगायचं काम या स्की क्लबनं माझ्या गळ्यात मारलंय. बाकीचे काय, कोणी भांडी घासतं, कोणी दोराच्या चाकांना तेल देतं, मी तोंड वाजवते. आणि तुम्हाला सांगते, बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं एकच लक्षात ठेवा... आपला बिल्ला आपण उलटा करायचा!

ही फळी बघा. साठ खुंट्या, साठ बिल्ले, एक बाजू लाल, एक पांढरी. वर गेलात, लाल. खाली आलात, पांढरा. शेंबड्या पोरालासुद्धा समजेल. साडेचारला दोर बंद होतो, डेस येतो, फळीकडे बघतो. लाल दिसला म्हणजे कोणीतरी अजून वर आहे. मग डेस वरच्या खोपटापर्यंत जातो आणि तिथली घंटा वाजवतो, धुकं असो, वादळ असो, कितीही वेळ. डेस कोण? तो दारात उभा आहे तो, पोस्टाच्या पेटीसारखा. सत्तर वर्षांचा आहे आणि त्याचे गुडघे त्याच्याहून म्हातारे आहेत.

आणि हो, तेवीस नंबर लाल आहे. दिसतोय मला. तो तसाच राहणार. हात लावायचा नाही. का ते सांगते, धीर धरा, बटाटे अजून शिजायचेत.

तर चार गोष्टी. पायमोजा एकच घालायचा. एकच! ‘पण थंडी वाजेल ना हो...’ दोन घातलेत तर त्यांना वळ्या पडतात, रक्त थांबतं, आणि मग खरी थंडी वाजते. क्रीम नाकपुड्यांच्या आत आणि हनुवटीच्या खाली लावायचं, बर्फावरनं ऊन खालून येतं, गेल्या वर्षी क्राइस्टचर्चचा एक वकील नाकपुड्या भाजून घेऊन कोर्टात उभा राहिला. हातमोजे बाहेर ठेवायचे नाहीत, किआ पळवतात. तो पोपट दिसायला भोळा, पण गेल्या आठवड्यात एकाच्या गाडीच्या काचेचं रबर निम्मं खाऊन वर त्याच्याकडे बघत बसला होता, अजून वाढा म्हणून.

आणि दोर. इथे खुर्च्या नाहीत, बसून वर जायचं असेल तर दुसऱ्या डोंगरावर जा, तिथे कॉफीपण मिळते. इथे धावता दोर आहे आणि तुमच्या कमरेच्या पट्ट्याला हा लोखंडी अडकित्ता. दोर आधी हातानं धरायचा, त्याच्या वेगानं सरकायचं, मग अडकित्ता वरून टाकून मिटायचा. आधी अडकित्ता टाकलात तर दोर तुम्हाला नेईल आणि तुमचे पाय इथेच राहतील. वेण्या आत, मफलर आत, दाढी... तुमची जरा लांब आहे, ती पण आत.

उताराचं म्हणाल तर एकच. मागे बसू नका! भीती वाटली की माणूस मागे बसतो, डोंगराकडे झुकतो, डोंगर काय आई आहे का, पदर धरायला? मागे बसलात की स्की पुढे पळतात आणि तुम्ही पाठीवर. छाती दरीकडे, वजन खालच्या पायावर, नजर जिथे जायचंय तिथे. झाडाकडे बघितलंत तर झाडावरच जाल. मर्व मला हे तीस वर्षं ओरडून सांगत होता. ‘ग्लेनिस, मागे बसू नकोस! ग्लेनिस, पुढे झुक!’ मी म्हणायची, तू आधी पुढे बघ. तीस वर्षं मी मागेच बसले. आणि मग एकानं एकदाच सांगितलं, हळूच, आणि मी जन्मात परत मागे बसले नाही. त्याचंच सांगतेय.

ऑगस्टच होता, असाच ऐन हिवाळा. शनिवार. दुपारचे पावणेचार, आभाळ असं स्वच्छ की अंगावर यावं. मी आणि मर्व वरच्या टोकाला. माझे पाय दुखत होते, आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, ‘शेवटची फेरी.’ इथे कोणी असं म्हणत नाही, अपशकुन असतो! तुम्हीही म्हणायचं नाही! ‘अजून दोन, त्यातली एक सोडून देऊ,’ असं म्हणायचं. सगळे तसंच म्हणतात. दोर चालवणाऱ्या बाईनं माझ्याकडे असं बघितलं जसं मी तिच्या चहात थुंकलेय. मर्व म्हणाला, ‘गप ना गं.’ आणि निघाला. मर्वचं कसं, निघाला की निघाला. मागे वळून बघणं त्याच्या खानदानात नाही.

मी निघाले, चार वळणं घेतली, आणि खालून ढग आला. वरून नाही, खालून. दरीतून दुधाला ऊत यावा तसा वर चढला. मर्वची लाल पाठ दिसत होती, मग गुलाबी दिसली, मग नाहीच. आणि मग सगळं पांढरं. वर पांढरं, खाली पांढरं, माझे गुडघे दिसेनात. तुम्हाला वाटतं धुकं म्हणजे अंधुक दिसतं. नाही हो! काहीच दिसत नाही, आणि तेही लख्ख उजेडात. आपण उभे आहोत की चाललोय तेच कळत नाही. मी उभी आहे असं समजून काठी टेकवली तर काठी मागे राहिली... म्हणजे मी चालले होते!

आता अशा वेळी काय करायचं? थांबायचं. दोराच्या खांबाजवळ असाल तर खांबाला धरून राहायचं. मी काय केलं? मी, जी दर शनिवारी इथे उभी राहून तुम्हाला शहाणपण शिकवते? मी म्हणाले, दोर उजवीकडे आहे, जाऊ अशीच. उजवीकडे... कुठली उजवी? मर्वच्या नावानं खडे फोडत मी किती वेळ घसरले ते देवाला ठाऊक. मग एकदम शांत झालं. दोराची घरघर ऐकू येईना. वारा पडला. नुसता माझा श्वास ऐकू येतोय. तेव्हा कुठे बाईसाहेब थांबल्या.

आता हे नीट ऐका, हे कामाचं आहे. पांढऱ्यात अडकलात की बर्फाचा गोळा करायचा आणि पुढे टाकायचा. गोळा कसा पडतो त्यावरून उतार कळतो. मी एक पायापाशी टाकला, तो डावीकडे गडगडत गेला. चला, म्हणजे डावीकडे उतार. दुसरा केला, मोठा, रागानं, आणि सरळ समोर भिरकावला.

ठप्प.

आणि कोणीतरी म्हणालं, ‘अहो...!’

माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! माणूस! समोर माणूस आहे! मी म्हटलं, ‘लागलं का हो? माफ करा, दिसलं नाही.’ तर म्हणाला, ‘नाही नाही, टोपीला लागलं.’ आवाज अगदी जवळ, इथून त्या खिडकीइतका. सभ्य आवाज. जुन्या लोकांचा असतो ना, पोस्टात खिडकीमागून बोलतात तसा. मी म्हटलं, ‘थांबा, मी येते तुमच्याकडे.’

‘नका येऊ,’ म्हणाला. ‘इथे जागा नाही.’

जागा नाही! एवढा मोठा डोंगर आणि जागा नाही! मला रागच आला. मी म्हटलं, ‘अहो, सरका जरा.’ तर म्हणतो कसा, ‘मला सरकता येत नाही. जरा अडकलंय. तुम्ही पुढे नका येऊ, बाई. अर्धं पाऊलही नका टाकू.’ असं म्हणाला की माझे पाय आपोआप थिजले. मग म्हणतो, ‘तुम्ही मागे बसता ना?’

आता सांगा! धुक्यात, थंडीत, जीव मुठीत धरून उभी आहे, आणि इथेही एक पुरुष मला शिकवायला हजर! मी म्हटलं, ‘तुम्हाला काय दिसतंय?’ तर म्हणाला, ‘दिसत नाही. ऐकू येतं. तुमच्या टाचा खरवडतात. आता मागे बसलात तर स्की पुढे जातील, आणि पुढे जाऊ नका म्हणून तर सांगतोय. पुढे झुका. नडगी बुटाच्या जिभेला टेकवा. आता स्की आडव्या करा, वजन खालच्या पायावर, आणि एकेक पायरी वर चढा. वरचा पाय आधी.’ हळू आवाजात हो. ओरडला नाही. आणि मी केलं. तीस वर्षं जे जमलं नाही ते एका मिनिटात जमलं. मर्व, ऐकतोयस ना? सोल तू बटाटे.

पाचेक पायऱ्या चढले असेन आणि घंटा वाजायला लागली. वरून, उजव्या हाताला. म्हणजे मी भलतीकडेच आले होते! मी म्हटलं, ‘ऐकलंत? घंटा! चला ना, बरोबरच जाऊ.’ तर तो म्हणाला, ‘तुम्ही व्हा पुढे. ही रोजच वाजते. कुणीतरी बिचारं हरवलेलं दिसतंय.’

तेव्हा काही वाटलं नाही हो मला. डोकं कुठे ठिकाणावर होतं! मी निघाले, तर मागून म्हणाला, ‘बाई, खाली जाताच आहात तर एक काम कराल? माझा बिल्ला तेवढा उलटा करा. मी येतोच मागून. लाल बघून बायको उगीच काळजी करत बसते.’ आणि मी, आपल्यात रीतच आहे ना, कोणी काम सांगितलं की आधी हो म्हणायचं आणि मग विचारायचं काय ते... मी म्हटलं, ‘करते की! त्यात काय! नंबर?’

‘तेवीस,’ म्हणाला.

मी मागे वळून बघितलं नाही. तुम्ही बघितलं असतंत?

आता सांगते तेवीसचं. लायनेल टुथिल. खालच्या गावात पोस्टात होता. छप्पन्न सालचा ऑगस्ट, जेवण झाल्यावर म्हणाला एक फेरी मारून येतो, बिल्ला लाल केला आणि गेला. धुकं आलं. सहा दिवस माणसं शोधत होती. नोव्हेंबरात बर्फ वितळलं तेव्हा त्याची एक स्की मिळाली, बास. बायकोनं सगळ्यांना बजावलं, बिल्ला कोणी पांढरा करायचा नाही, तो येऊन स्वतः करेल. आणि क्लबचा नियम काय? फळीवर लाल आहे तोवर वर जाऊन घंटा वाजवायची. तो नियम कोणी बदलला नाही. ती बाई गेली त्यालाही वीस वर्षं झाली. म्हणून रोज साडेचारला, साठातले एकोणसाठ पांढरे असले तरी, कोणीतरी तेवीससाठी वर जातं. नऊ वर्षांपूर्वीही डेसच जायचा. शिव्या देत.

तर मी घंटेच्या मागे मागे, एकेक पायरी, तास गेला की दीड तास, कुणास ठाऊक, खोपटाच्या भिंतीवर जाऊन आपटले. डेसनं मला बघितलं आणि घंटेचा दोर त्याच्या हातातून सुटला. ‘ग्लेनिस? तू? अगं, तुझा बिल्ला पांढरा आहे!’

पांढरा! मी म्हटलं, ‘मग तू कुणासाठी वाजवतोयस?’

‘तेवीससाठी,’ म्हणाला. ‘रोजच्यासारखी. धुकं दाट होतं म्हणून जरा जास्त वाजवली. आता थांबवणारच होतो.’

आता थांबवणारच होता! मी तिथेच बसले आणि ढसाढसा रडले, खोटं कशाला सांगू. मला कोणी शोधतच नव्हतं. फळीच्या हिशेबानं मी खाली शेगडीपाशी बसून शेकत होते! डेसनं मला दोराच्या खांबाखांबानं खाली आणलं. दार उघडलं तर आत भोपळ्याच्या सूपचा वास, सगळे हसतायत, आणि हा मर्व, गळ्यात एप्रन, मला म्हणतो, ‘आलीस? किती वेळ अंघोळ करतेस गं! सूप गार झालं.’ अंघोळ! याला वाटलं मी अंघोळ करतेय! ‘माझा बिल्ला कोणी उलटा केला?’ तर हा मान वर करून, अभिमानानं, ‘मी केला. माझा करतच होतो, म्हटलं तुझाही करून टाकू. तू माझ्या मागेच तर होतीस.’

त्याच्या अंगावर मी ते सूप ओतलं नाही याचं मला आजही आश्चर्य वाटतं. मग याला कळलं काय झालंय ते. याच्या हातातली वाटी पडली. रात्रभर माझा हात सोडला नाही यानं. आजही, बघा बघा, मी सांगायला लागले की याचे बटाटे जाड सोलले जातात. बरं, जाऊ दे. पुसून घे तोंड.

म्हणून सांगते, आपला बिल्ला आपण उलटा करायचा! सकाळी प्रेमानं लाल करणारा नवरा संध्याकाळी प्रेमानं पांढराही करतो.

दुसऱ्या दिवशी आभाळ उघडलं आणि डेस मला वर घेऊन गेला, माझे माग दाखवायला. पंचवीस यार्ड आधीच थांबवलं मला. माझ्या स्कीच्या दोन रेघा कड्याच्या धारेकडे गेल्या होत्या आणि धारेपासून एका हातावर थांबल्या होत्या. तिथूनच आडव्या पायऱ्या परत वर आलेल्या. आणि समोर काहीच नाही. दोनशे फूट खाली खडक. मी धारेच्या या बाजूला उभी होते, आणि मी फेकलेला गोळा, तो गेला होता त्या बाजूला... आणि ठप्प वाजला होता. टोपीला लागला म्हणाला होता तो. आता तुम्हीच सांगा, तो उभा कुठे होता? डेसनं विचारलं, ‘कुणाशी बोलत होतीस तू वर?’ मी म्हटलं, ‘तुला कसं कळलं?’ तर म्हणाला, ‘घंटा वाजवता वाजवता ऐकू येत होतं. मला वाटलं खालून आवाज येतोय, तू मर्वला झापतेयस.’ आणि पुढे म्हणाला, ‘दुसराही आवाज होता. पण तो मर्वचा नव्हता.’

त्या संध्याकाळी मी या फळीसमोर उभी राहिले. शब्द दिला होता ना हो मी! आणि ज्याला दिला त्यानं माझा जीव वाचवलेला. बिचारा किती वर्षं तिथे अडकलाय, बायको काळजी करेल म्हणून. बायको राहिली नाही हे त्याला कोण सांगणार? एक बिल्ला उलटा करायचा, बास, सुटला असता. हात लावला मी. खिळा गंजलाय, हा बघा, इथे अजून माझ्या बोटाचा ठसा असेल. डेस मागेच उभा होता. म्हणाला, ‘कर की. माझ्या गुडघ्यांचीपण सुटका होईल.’ मी बिल्ला धरला. तर डेस म्हणाला, ‘फक्त एक सांग. सगळे पांढरे असले तर उद्या मी वर कशाला जाऊ?’

मी हात काढला.

काय करणार होते? दर वर्षी तुमच्यासारखे वीस-पंचवीस नवे येतात, आणि दर वर्षी त्यांत एक तरी मर्व असतो. आजचा सकाळीच सापडला, निळी टोपी! मर्वनं माझा बिल्ला पांढरा केला, तेवीसचा लाल होता म्हणून मी वाचले. उद्या कोणी तुमच्या बायकोचा केला तर? घंटा कुणाच्या नावानं वाजणार? त्याला सोडवला तर तुम्ही अडकणार. आहे का उत्तर? मी नऊ वर्षं शोधतेय.

आणि तो विचारतो हो! हिवाळ्यात दोनदा, तीनदा, पांढरं झालं की. मी मुद्दाम जात नाही, पण धुकं काय विचारून येतं? मी खांबाला धरून उभी असते आणि तिकडून, जिथे जागा नाही तिथून, अगदी सभ्यपणे, ‘बाई, झाला का उलटा?’ आणि मी, साठी उलटलेली बाई, चोरासारखी मान खाली घालून म्हणते, ‘उद्या करते हं.’ हल्ली तर माझ्या टाचाही खरवडत नाहीत, तरी ओळखतो.

आली का बायको? ये गं ये, दार लाव, थंडी आत येतेय. तुझा बिल्ला तुझ्या नवऱ्यानं करून ठेवलाय, तो आधी पांढरा कर. हां. आता तुझ्या हातानं लाल कर. शाबास. चला, बकलं आवळा. खिडकीतून खाली बघा, दरीत ढग हलायला लागलाय, म्हणजे दोनपर्यंत चढेल. पांढरं झालं तर थांबायचं. गोळा टाकायचा. आणि गोळा टाकल्यावर समोरून कोणी ‘अहो’ म्हणालं, तर घाबरायचं नाही, किंचाळायचं नाही, पुढे तर अजिबात जायचं नाही. माफी मागायची, टोपीला लागलेलं असतं. मग तो विचारेल, ‘ग्लेनिसबाईंनी उलटा केला का हो माझा बिल्ला?’ तर सांगा, उद्या करतायत.

तो रागावणार नाही. मला पण नऊ वर्षं एकच म्हणतो... ‘बरं, घाई नाही.’